सोबतीला आलेला माणूस

सोमवार, ४ मार्च

हिचा उजवा हात मनगटात मोडला. दुकानाच्या मागच्या खोलीत पुठ्ठ्याच्या कपट्यावरून पाय सरकला आणि पडताना हिनं हात टेकला, एवढंच. जिन्यावरून नाही, स्टुलावरून नाही, उभ्या उभ्या. मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आवाज आला तो मला लाकडी पट्टी पडल्यासारखा वाटला. गिऱ्हाईक गेल्यावर मागे गेलो तर ही जमिनीवर बसलेली, डाव्या हातात उजवा हात धरून. गिऱ्हाईक ऑर्डर देऊन गेलं का, हे हिनं आधी विचारलं, हाताचं नंतर सांगितलं.

(डायरीतसुद्धा मी बायकोला 'ही'च लिहितो. चाळीस वर्षांची सवय, आता कुठली सुटायला.)

हाडांची डॉक्टर तरुण आहे, आमच्या लेकीच्या वयाची. प्लास्टर घालून झाल्यावर म्हणाली, एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडायला नको होतं. चौसष्टाव्या वर्षी असं मोडलं की हाडं आतून विरळ झालीत का ते बघावं लागतं. हाडांच्या घनतेची तपासणी लिहून दिली आहे.

प्लास्टर सहा आठवडे. आमचं फ्रेमचं दुकान आहे; पट्ट्या कापणं, काच कापणं आणि ठोकाठोक माझी, चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापणं हिचं. म्हणजे सहा आठवडे माउंटही माझ्याच गळ्यात.

बुधवार, ६ मार्च

एका वकिलाचे जुने नकाशे फ्रेम करायचे आहेत. दिवसभरात माउंटचे चार पुठ्ठे वाया घालवले. पाती तिरकी धरून एका दमात ओढायची असते. माझी कोपऱ्यावर हमखास पुढे जाते. ही गळ्यात हाताची झोळी अडकवून शेजारी स्टुलावर बसली होती. "दाबू नका, नुसती चालवा," असं चारदा म्हणाली आणि पाचव्यांदा गप्प बसली. ते जास्त लागलं.

वाकून वाकून पाठ धरली. टेबलाची उंचीच चुकीची आहे.

गेल्या महिन्यात धुवायला टाकलेली पँट आज घातली तर जमिनीवर लोळायला लागली. धुतल्यावर कपडा आटतो हे ऐकून होतो, वाढलेला पहिल्यांदाच पाहिला. शिंप्याला सांगितलं तर तो हसला. ही हसली नाही. दोन्ही पाय दुमडून टाचण्या लावून घ्या म्हणाली, हात बरा झाला की शिवून देते.

गुरुवार, १४ मार्च

रिपोर्ट आला. हिच्या कमरेच्या मणक्यांचा आकडा उणे २.७. उणे २.५ च्या खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि त्यात हाड मोडलंय, म्हणजे औषध घ्यायलाच हवं असं डॉक्टर म्हणाली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं हे तर हवंच, पण नुसत्या तेवढ्यानं भागणार नाही.

मी सगळे पर्याय नीट विचारून घेतले. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. त्याची तारीख मात्र चुकवायची नाही, चुकली तर कमावलेलं हाड पटकन जातं. आणि चौथं, रोज टोचायचं, नवं हाड तयार करणारं. ते ज्यांचं फार बिघडलंय त्यांच्यासाठी. हिला पित्ताचा जुना त्रास, त्यामुळे गोळी बाद. डॉक्टरचा कल वर्षातून एकदाच्या औषधाकडे होता. मलाही तेच पटलं.

मी एवढं बारकाईनं विचारत होतो आणि ही मध्येच भलतंच विचारून बसली. "पुरुषांनाही होतं का हो हे?"

डॉक्टर म्हणाली, होतं की. लक्षात येत नाही इतकंच. दम्यासाठी वगैरे स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या असतील तर जास्तच. हे सांगताना ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. बाहेर पेशंट खोळंबले असणार.

मी ताबडतोब तारीख घ्यायला निघालो होतो. ही म्हणाली, विचार करून सांगते.

रविवार, १७ मार्च

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ. त्याला मी मनातल्या मनात वैद्यराज म्हणतो. त्याच्याकडे प्रत्येक रोगावर दूध, ऊन आणि तेल ही तीनच औषधं. "भाऊजी, हाडं काय गोळ्यांनी बनतात? आमच्या आईनं घेतल्या होत्या का गोळ्या?"

मी म्हणालो, तुमची आई शेवटची दहा वर्षं जमीन बघत चालत होती. तिला आकाश बघायचं तर खाटेवर उताणं झोपावं लागायचं. त्यानं तो मुद्दा सोडला. मग म्हणाला, जबड्याचं हाड सडतं म्हणे या औषधांनी, आणि मांडीचं मधूनच मोडतं. मी सांगितलं की दोन्ही फार क्वचित होतं, आणि औषध न घेता खुबा मोडण्याची शक्यता त्याच्या कितीतरी पट जास्त. दात आधी तपासून घ्यायचे, म्हणजे झालं. डॉक्टरनं मला समजावलेलं मी त्याला समजावलं आणि मला वाटतं डॉक्टरपेक्षा बरं समजावलं.

एवढं होऊनही हिनं हो म्हटलं नाही. चहाचे कप डाव्या हातानं उचलून आत गेली.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. तिला आकडे सांगत होतो तर म्हणते, "बाबा, जरा ताठ बस ना, नुसतं कपाळच दिसतंय." फोन ठेवलेलाच वर होता.

शनिवार, २३ मार्च

दाताच्या डॉक्टरकडे गेलो. हिची एक दाढ काढावी लागणार. ती काढून जखम पूर्ण भरल्याशिवाय हाडांचं औषध सुरू करायचं नाही. म्हणजे तसाही वेळ आहेच. पण हो की नाही ते तरी सांगावं माणसानं. मी आज पुन्हा विषय काढला. घाबरतेस का, असंही विचारलं. म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही बरोबर या, मग ठरवू." आता मी बरोबर जात नाही असं कधी झालंय?

आणखी एका गोष्टीवरून बोलाचाली झाली. रस्त्यानं चालताना ही मला उंच वाटली. पूर्वी हिचं डोकं माझ्या हनुवटीला लागायचं, आज नाकापर्यंत आलेलं. मी म्हणालो, हाडं ठिसूळ झालीत आणि टाचेच्या चपला कसल्या घालतेस? हिनं रस्त्यातच एक चप्पल काढून उलटी करून दाखवली. सपाट, झिजलेली, जुनीच. मग ती पायात घालून घरापर्यंत माझा हात धरून चालली. चारचौघांत हात धरायची हिची पद्धत नाही. पडायची भीती बसली असणार.

गुरुवार, ११ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. नकाशे संपले, हिची दाढ काढून झाली.

सोमवारी मोठी काच रॅकमधून काढत होतो. काढताना काही झालं नाही. टेबलावर नीट ठेवली आणि मग शिंक आली. साधी शिंक. पाठीत मधोमध काडकन झालं आणि श्वास अडकला. टेबलाची कड धरून उभा राहिलो. उसण भरली, दुसरं काय. हिला सांगणार नव्हतो, पण ही समोरच उभी होती.

तेव्हापासून पडून आहे. कूस बदलताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उद्यापर्यंत उतरेल असं रोज म्हणतोय. हिनं डॉक्टरला फोन केला. मी म्हणालो, उसण भरली म्हणून हाडांच्या डॉक्टरला कोण फोन करतं? ही म्हणाली, हाताचं विचारायला केला होता.

दुकान बंद. ही एका हातानं माझ्या पाठीखाली उशी सरकवते आणि ते हिला जमत नाही. हे दोघांनाही दिसतं.

मंगळवार, १६ एप्रिल

आज हिचं प्लास्टर काढायचं होतं. दुखणं थोडं उतरलंय, म्हणून सोबतीला गेलो.

नर्सनं मला बूट काढून उंचीच्या पट्टीपाशी उभं राहायला सांगितलं. मी म्हणालो, पेशंट ही आहे, मी सोबतीला आलोय. नर्स म्हणाली, कागदावर तुमचंही नाव आहे. मी हिच्याकडे पाहिलं. ही आपल्या मोकळ्या झालेल्या मनगटाकडे बघत होती.

माझी उंची पाच फूट आठ इंच. लग्नाच्या वेळी होती, पासपोर्टवर आहे. पट्टी पाच फूट साडेपाच म्हणाली. मी पट्टी तपासायला सांगितली. नर्सनं मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत नेऊन दुसऱ्या पट्टीवर मोजलं. तीही तेच म्हणाली.

मग एक्स-रे. डॉक्टरनं काचेवर लावून दाखवला. पाठीचे मणके एकावर एक ठोकळ्यांसारखे असतात. माझे तीन पुढून दबलेत. दोन जुने, कधी दबले देव जाणे, आणि एक ताजा, शिंकेचा. दम्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय, विचारलं. मी आठवायला लागलो; हिनं न आठवता सांगितलं. डॉक्टर म्हणाली, त्या आपल्या मनानं बंद करू नका, छातीच्या डॉक्टरशी मी बोलते. घनतेची तपासणी आणि रक्त उद्या.

 पँटच्या टाचण्या अजून तशाच आहेत, घरी येताना एक पायाला टोचली.

गुरुवार, १८ एप्रिल

काल दिवसभर मी हिच्याशी बोललो नाही. आज बोललो ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"हिवाळ्यापासून. वरच्या फळीवरच्या पट्ट्या काढायला तुम्ही स्टूल घ्यायला लागलात तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की. दोनदा. तुम्ही म्हणालात, फळी कुणीतरी वर सरकवलीय."

हे मी म्हणालो होतो. आणि पुढचं ऐकून मला जास्त राग आला. हिचं स्वतःचं औषधाचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. डॉक्टरलाही तेव्हाच मला चहा आणायला पाठवून सांगून टाकलं होतं. महिनाभर विचार करते, विचार करते म्हणत राहिली ती मला पुन्हा दवाखान्यात न्यायला कारण हवं म्हणून. म्हणजे मी एवढा घसा कोरडा करून समजावत होतो, वैद्यराजाशी भांडलो, ते सगळं हिला ठाऊक होतं, पटलेलं होतं, आणि ही ऐकून घेत होती. मी म्हणालो, मला सामानासारखं पोचवलंस. डॉक्टर, नर्स, तू, सगळ्यांना माहीत. मी एकटा शहाणा.

ही म्हणाली, "सरळ चला म्हटलं असतं तर आला असतात?"

मी दुकानात जाऊन बसलो. शटर अर्धंच उघडलं होतं. त्याखालून आत यायला पूर्वी मला वाकावं लागायचं, असं उगाच वाटलं.

रविवार, २१ एप्रिल

लेकीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, तपासणीचा रिपोर्ट कधी येणार. आईनं तिलाही आधीच कल्पना दिली असणार. मी विचारलं नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

माझा आकडा उणे ३.६. हिच्यापेक्षा खाली. हे वाचून पहिल्यांदा वाटलं की मशीन बिघडलंय. दुसऱ्यांदा वाटलं नाही.

डॉक्टरनं माझ्यासाठी चौथं औषध सांगितलं, रोजचं, पोटावर टोचायचं. नवं हाड तयार करणारं. फार तर दोन वर्षं. ते संपलं की दुसरं लगेच सुरू करायचं, नाहीतर तयार झालेलं टिकत नाही. मी विचारलं, हिला जे वर्षातून एकदा देणार ते मला का नाही? म्हणाली, तेही चाललं असतं, काहींना आम्ही देतो; पण तीन मणके दबलेत, चौथा कधी दबेल सांगता येत नाही, आधी भर घालावी आणि मग राखावी असं माझं मत. निर्णय तुमचा. शांतपणे सांगते ही मुलगी, घाई करत नाही.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

सोमवार, २९ एप्रिल

तीन दिवस माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहून ठेवतो. म्हणालो की रोज सुई म्हणजे जिवंतपणी टाचण्यांची उशी होणं. म्हणालो की या वयात नवं हाड तयार करून कुठं मिरवायचंय. दूध वाढवून बघू म्हणालो. सकाळचं ऊन घेऊ म्हणालो. काल जेवताना म्हणालो, माझ्या वडिलांनी कुठं घेतली होती इंजेक्शनं? आणि घास हातात तसाच राहिला, कारण आवाज माझा असला तरी वाक्य मेहुण्याचं होतं.

ही हसली नाही. हसली असती तर मी आणखी दोन दिवस अडून बसलो असतो.

जेवण झाल्यावर टेबल पुसता पुसता म्हणाली. मोठ्यानं नाही, रागानं नाही, दुकानात उद्या कुठलं काम घ्यायचं ते सांगावं तसं. "तुमचा खुबा मोडला तर मला तुम्हाला उचलता येणार नाही. पूर्वी आलं असतं. आता या हातानं नाही येणार. त्या आठवड्यात उशीसुद्धा सरकवता आली नाही मला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही, मी बाहेर जाऊन बसले होते." मग फडका पिळून वाळत घातला.

मला सुईची भीती वाटते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, हिला सांगितलं. म्हणाली, माहीत आहे, रक्त काढताना तुम्ही नेहमी खिडकीकडे बघता. ही सुई मी देईन.

आज डॉक्टरला फोन करून हो सांगितलं.

रविवार, १२ मे

इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात असतं. रोज सकाळी नवी सुई लावायची. हिच्या हाताला अजून पूर्ण जोर नाही. मनगट वळवताना आवळलेल्या झाकणासारखं अडतं. पहिल्या दिवशी पेन हातात घेऊन पोटाजवळ आणलं आणि तिथंच थांबली. मी खिडकीकडे बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही म्हणून वळलो तर हिचे डोळे भरलेले. हात दुखतोय म्हणाली. मी म्हणालो, राहू दे मग आज. नाही म्हणाली आणि दिलं. मुंगी चावल्याइतकंच लागतं.

दुकानात बदल केलेत. मोठी काच आता व्यापारी मापानं कापून आणून देतो. मी वाकून काही उचलायचं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं पाठ सरळ ठेवून बसता-उठता कसं यायचं ते शिकवलंय. दोघं भिंतीला पाठ टेकून उभे राहतो, एकमेकांच्या चुका काढतो. जमिनीवर पुठ्ठ्याचा कपटा दिसला की जो आधी पाहील त्यानं दुसऱ्याला सांगायचं. उचलायचा कोणी, हे अजून ठरत नाही.

माउंट पुन्हा हीच कापते. पहिल्यासारखे येत नाहीत. कोपऱ्यावर पाती थोडी पुढे जाते. मी काही म्हणत नाही.

मंगळवार, १८ जून

हिची दाढेची जखम भरली, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. आज हिला ते वर्षातून एकदाचं औषध दिलं. आधी भरपूर पाणी प्यायला लावलं, मग सलाइनसारखं हळूहळू शिरेतून. मी शेजारी बसून थेंब पडताना पाहिले. खिडकीकडे बघितलं नाही. अर्ध्या तासात घरी. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते असं सांगितलंय. ही म्हणाली, मला काही होत नसतं.

बुधवार, १९ जून

हिला पहाटे ताप भरला. डॉक्टरनं सांगून ठेवलेली तापाची गोळी दिली, पाणी पाजलं. अंग ठणकतंय म्हणाली, पांघरूण ओढून घेतलं आणि आठच्या सुमाराला गाढ झोपली.

माझ्या इंजेक्शनची वेळ झाली होती. दाराशी दोनदा जाऊन आलो. उठवलं असतं तर उठली असती, तापात उठून हात धुऊन सुई लावली असती, मला माहीत आहे. तिसऱ्यांदा गेलोच नाही. पेन काढलं, सुई लावली, आकडा फिरवला. शर्ट वर करून स्वयंपाकघरात उभा राहिलो. गॅसवर चहाचं पाणी ठेवलेलं ते सगळं आटून गेलं, मी तसाच उभा. मग बघता बघता टोचलं. म्हणजे खरंच, बघत बघत.

ही जागी झाली तेव्हा ऊन वर आलं होतं. घड्याळाकडे पाहून धडपडून उठायला लागली. मी म्हणालो, पडून राहा, झालंय.

"कोणी दिलं?"

"मी."

हिनं मला पलंगाच्या कडेला बसायला लावलं, शर्ट वर करायला लावला आणि चष्मा लावून पोटावरची जागा नीट पाहिली. बोटानं एकदा हलकेच दाबली. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा झोपली.